नानायची उघडी खिडकी

मी कराड सोडलं त्या सकाळी आई गच्चीवर होती. खाली गाडी येऊन उभी, माझा नवरा मिलिंद तिसऱ्यांदा बॅगा मोजतोय, आमची तीन वर्षांची मुलगी सानिका माझ्या कडेवर झोपलेली, आणि जिची मुलगी देश सोडून निघाली ती बाई वर सालपापड्या उलटत बसलेली. दोन जिने चढून मी वर गेले. गच्चीवर चार काठ्यांना जुनं लुगडं बांधून तिनं सावली केली होती, आणि त्या सावलीत चटईवर पांढऱ्या चकत्या ओळीनं पसरल्या होत्या. मान वर न करता ती म्हणाली, "ऊन चढायच्या आत उलटायला हव्यात. कडक झाल्या की मोडतात." मग पदराला हात पुसून उठली आणि आधीच वाळवून ठेवलेल्या सालपापड्यांचा डबा माझ्या हातात दिला. "बॅगेत टाकू नकोस, चुरा होईल. हातात धर." मी तो डबा मुंबईपर्यंत आणि तिथून शारजापर्यंत मांडीवर धरून नेला. विमानात शेजारच्या बाईला वाटलं, त्यात दागिने असावेत.

खरं सांगायचं तर मला त्या डब्याचा रागच होता. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी बहुतेकींना आठवत असेल, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही विहिरीवर पोहायला जायचात आणि मी हातात काठी घेऊन कावळे हाकत बसलेली असायची. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, पातळ पीठ डावभर ताटलीवर पसरायचं, वाफवायचं, बोटं भाजत सोलायचं. बारावीनंतर मी जाहीर केलं होतं की आयुष्यात मी वाळवणाला हात लावणार नाही. आई तेव्हा एवढंच म्हणाली होती, "नको लावूस. पण तुला येतं हे विसरू नकोस."

परवा शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "तिकडे तुम्ही सण कसे करता गं?" कराडातच राहिलेल्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि न्यू जर्सी, पुणे, मस्कत अशा जागी जाऊन पडलेल्यांनी लगेच आपापले फोटो टाकले. मी फोटो टाकला नाही. उत्तर लिहायला बसले, तर ते लांबत लांबत फिलिपिन्समध्ये जाऊन पोचलं. त्याला माझा इलाज नाही. वाचा.

शारजात आम्ही चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायला लागलो. गणपती दीड दिवसाचा, दार लावून, आरती हळू आवाजात. कुणी तक्रार केली होती असं नाही. पण परक्या देशात माणूस आपण होऊनच आवाज कमी करतो, ते कुणी सांगावं लागत नाही. सण म्हणजे सुट्टी न मिळालेला एक दिवस आणि संध्याकाळी घाईत केलेले मोदक, एवढंच उरलं होतं. सानिका पाच वर्षांची झाली तेव्हा मी तिला म्हटलं, "देवाला नमस्कार कर." ती म्हणाली, "आई, आय ऑलरेडी डिड इट इन माय माइंड."

मला दुबईतल्या अल क्वोजमध्ये एका इंटिरिअरच्या कंपनीत नोकरी लागली. हॉटेलांच्या लॉबी, टॉवरमधली किचन, असली कामं. माझं पद डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे सगळी ड्रॉइंग माझ्या ताब्यात: नंबर घालायचे, शिक्के मारायचे, जुनी काढून नवी ठेवायची. ती ड्रॉइंग काढणाऱ्यांत एक होती लिगाया. फिलिपिन्सची, माझ्याहून चारेक वर्षांनी लहान, सरळ केस, आणि रेघ अशी की कॉम्प्युटरनंसुद्धा लाजावं. ती मला 'आते' म्हणायची. त्यांच्यात थोरल्या बहिणीला असं म्हणतात. दुपारी ती माझी भाजी खायची आणि मी तिचा भात.

मग मंदी आली. तिकडे बसून तुम्ही पेपरात वाचली असेल, आम्हाला ती आधी पाण्यात दिसली. ऑफिसच्या पाण्याच्या कूलरवरची मोठी बाटली पूर्वी दिवसात संपायची, ती आठवडाभर पुरायला लागली, कारण पाणी प्यायला माणसंच राहिली नाहीत. खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन एकाच दिशेला मान करून थांबल्या. माझ्याकडे रोज एक नवीन प्रोजेक्ट यायचा आणि त्याच्या प्रत्येक ड्रॉइंगवर मला लाल शाईत 'कॅन्सल्ड' असा शिक्का मारायचा असायचा. पंचेचाळीस मजल्यांचा एक टॉवर मी एका दुपारी पायापासून गच्चीपर्यंत रद्द केला. हात दुखला, पण रडू आलं नाही. तेव्हा आपलं टेबल शाबूत आहे ना, एवढंच प्रत्येकजण बघत होता.

२००९च्या मार्चमध्ये लिगाया डबा न उघडता माझ्यासमोर बसली. म्हणाली, "आते, यंदा आमच्या घराचा नंबर आहे."

मला वाटलं, घर पाडणार आहेत. तिनं मग समजावलं. तिचा प्रांत केझोन, गाव लुकबान. शेतकऱ्यांचा एक संत आहे, सान इसिद्रो, त्याची मूर्ती दर मे महिन्यात मिरवणुकीनं गावातून निघते. ज्या रस्त्यानं ती जाते त्या रस्त्यावरची सगळी घरं पिकानं सजवतात. तांदळाच्या लोंब्या, वांगी, चवळीच्या शेंगा, नारळ, केळी, जे शेतात आलं ते. या सणाला पाहियास म्हणतात. पण रस्ता दर वर्षी बदलतो, म्हणजे एखाद्या घरासमोरून देव चार-पाच वर्षांनी एकदाच जातो. मागच्या वेळी देव आला तेव्हा तिचे वडील होते. शिडीवर चढून सगळं त्यांनीच बांधलं होतं. आता ते नाहीत, ती इथे, आणि घरात तिची आई एकटी. आईला ती नानाय म्हणायची. नानायची बोटं सांध्यांनी वाकली होती.

"घर उघडं राहिलं तर?" मी विचारलं.

"नानाय फोनवर तेच म्हणते. घर उघडं राहिलं तर लोक म्हणतील, या घरात आता कोणी उरलं नाही."

तिनं रजा मागितली. आमचा मॅनेजर वाईट माणूस नव्हता, तोही घाबरलेला होता. म्हणाला, "लीव्ह घे ना हबीबी, कोण नाही म्हणतंय? पण परत आल्यावर टेबल असेल का, ते इन्शाल्ला." त्या इन्शाल्लाचा अर्थ आम्हाला दोघींना कळला. नानायचं औषधपाणी लिगायाच्या नोकरीवर चालायचं, त्यामुळे जाण्याचा प्रश्नच मिटला.

शेजाऱ्यांना आपापली घरं होती. भाजीपाला, लोंब्या लावायला तिचा एक चुलतभाऊ तयार होता. अडत होतं ते किपिंगपाशी. किपिंग काय ते तिनं मला तिच्या फोनवरच्या जुन्या फोटोत दाखवलं: पानाच्या आकाराची, गुलाबी, पिवळी, हिरवी, पारदर्शक पानं, झुंबरासारखी घरावरून लोंबणारी. घराची सगळी शोभा त्यांची, आणि ती ज्याच्या त्याच्या घरीच करायची. विकतची लावायला नानाय तयार नव्हत्या.

"हे प्लॅस्टिक आहे का गं?"

"तांदूळ आहे आते. तांदूळ भिजवायचा, वाटायचा, झाडाच्या पानावर पातळ पसरायचा, वाफवायचा, मग सोलून..."

"सावलीत वाळवायचा," मी म्हटलं.

माझ्या अंगावर काटा आला, अगदी खरा. चार हजार मैलांवरच्या एका डोंगराळ गावात कुणी बाई माझ्या आईसारखीच वाफेत बोटं भाजून घेत होती, आणि आम्ही ते तळून खातो तर ते लोक ते घराला नेसवतात! मला आमच्या गच्चीवरची चटई आठवली आणि पहिल्यांदा वाटलं की मी कावळ्यांपासून काहीतरी मोलाचं राखत होते.

लिगायाच्या खोलीत राहणारी टेस नोकरी जाऊन एप्रिलअखेर कायमची परत निघाली होती. किपिंग ती नेणार होती, ते करायचे मात्र आम्हाला. जवळ शुक्रवार उरले चार. लिगायाकडे सहा जणींत एक शेगडी, म्हणून कारखाना आमच्या घरी. मिलिंद म्हणाला, "अगं, वीकएन्डला जरा रेस्ट घ्यायची सोडून हे काय?" पण पीठ वाटायला तोच बसला.

पानांचा प्रश्न होता. त्यांच्या गावची झाडं इथे कुठून आणायची? आमच्या गल्लीच्या टोकाला एका गोदामाच्या आवारात देशी बदामाचं झाड होतं. ते बघून लिगाया जवळजवळ धावतच गेली, कारण तसलं झाड त्यांच्या शाळेतही होतं, तसं ते आपल्याही शाळेत होतं. तिथल्या पठाण वॉचमननं आमचा सगळा इतिहास शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, "पत्ता ले जाओ बहन, बस पेड़ मत ले जाना."

पहिल्याच शुक्रवारी फजिती झाली. बाल्कनीत तांदळाची पानं टाकली तर शारजाच्या उन्हात तासाभरात ती अशी वळली आणि तडकली की हातात घेताच तुकडे. मी कराडला फोन लावला. आईला लग्नानंतर स्वयंपाकातलं काही विचारायला मी केलेला तो पहिलाच फोन असावा. आधी तिला वाटलं, काहीतरी वाईट झालं. मग सगळं ऐकून ती खुर्चीवर सरसावून बसली असावी, कारण आवाजच बदलला. "बाल्कनीत कुणी टाकायला सांगितलं? लुगडं बांध वर. नसेल तर ओढणी बांध. आणि अर्धवट ओलं असतानाच वजनाखाली ठेव." मी माझी एक कॉटनची साडी बाल्कनीत बांधली. वजनाला लिगायानं ऑफिसातून फरशीचे सॅम्पल आणले, एका न झालेल्या हॉटेलच्या लॉबीची ती इटालियन संगमरवरी फरशी. दुसऱ्या सकाळी फरशी उचलली, तर खाली सरळसोट, आरपार दिसणारी, शिरा उमटलेली तांदळाची पानं. लिगायानं एक उचलून उजेडात धरलं आणि ती खाली बसून रडली.

आता माझा गुन्हा सांगते.

तिसऱ्या शुक्रवारी तिला ऑफिसात बोलावलं होतं. मी एकटीनं घाणा घातला. मोठ्या पातेल्यात पीठ, चार रंग, सकाळपासून दुपारपर्यंत नुसता धडाका. हात इतके सुटले होते की डोकं चालवायची गरजच राहिली नव्हती, आणि तिथेच घात झाला. सवयीनं मीठ घातलं. सवयीनं पापडखार घातला. आणि वर मूठभर जिरं! तीनशेच्या वर पानं झाली. संध्याकाळी लिगाया आली आणि तिनं एक पान उजेडाकडे धरलं.

"आते, हे काळे ठिपके कसले?"

तिनं जिभेला लावून पाहिलं. किपिंगमध्ये रंग सोडून काही म्हणजे काही घालत नाहीत, कारण मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि तिचं गाव डोंगराच्या कुशीतलं, सकाळ-संध्याकाळ ओलं. इथल्या कोरड्या हवेत ही पानं कडक होती, तिथे काय होईल सांगता येत नव्हतं. शेवटच्या शुक्रवारी आम्ही जमतील तेवढी नवी केली, तरी एका बाजूची खिडकी भरेल एवढी कमीच पडत होती. तेव्हा माझी ती जिऱ्याचीही घालायचं ठरलं. लिगाया म्हणाली, "छपराखालच्या खिडकीला लावू, तिथे दव कमी येतं." एका शब्दानं मला बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

पानं मोडू नयेत म्हणून प्रत्येक थरामध्ये मोठा कागद हवा होता. तो माझ्याकडे भरपूर होता. पंचेचाळीस मजल्यांचा तो टॉवर, ज्याची ड्रॉइंग मॅनेजरनं टाकून द्यायला सांगितली होती, आमच्या कामी आला. एकेका मजल्यावर चाळीस-चाळीस पानं, वर माझा लाल शिक्का. टेसनं ती खोकी विमानात हातात धरून नेली. मी तिला तसंच बजावलं होतं.

सणानंतर तीन दिवसांनी चुलतभावानं ऑफिसच्या ईमेलवर फोटो पाठवले. सगळे निम्म्या रिकाम्या हॉलमधून उठून लिगायाच्या टेबलाभोवती जमले, मॅनेजरसुद्धा. घर छोटंच, लाकडी, पण वरपासून खालपर्यंत फुललेलं! गुलाबी-हिरव्या पानांची झुंबरं, दाराभोवती वांग्यांच्या माळा, कठड्याला लोंब्या. माझ्या बाल्कनीत झालेली पानं देवाच्या वाटेवर लटकत होती. मॅनेजर म्हणाला, "माशाल्ला," आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला.

मला मात्र एकच गोष्ट दिसत होती. उजवीकडची खिडकी रिकामी होती. पहाटेच्या ओल्या हवेत माझी जिऱ्याची पानं ओल्या फडक्यासारखी लोंबायला लागली होती. लिगाया म्हणाली, "नानायनं ती काढून तळली. तू मनाला लावून घेऊ नकोस." तिचा स्वभावच तसा, ती असंच म्हणणार. पण सगळ्या नटलेल्या घराला तेवढं एक भोक माझ्या हातचं होतं. ज्या बाईला लोक काय म्हणतील याची धास्ती होती, तिच्याच भिंतीवर. पुढची पाच वर्षं मी ती खिडकी डोक्यात घेऊन हिंडले. तुम्ही हसाल. हसा. माणूस मोठमोठ्या चुका विसरतो आणि असली एखादी धरून बसतो.

मंदी हळूहळू सरली. क्रेन पुन्हा फिरायला लागल्या, कूलरवरची बाटली पुन्हा दिवसात संपायला लागली. लिगायाची नोकरी टिकली, आणि पुरेसं साठल्यावर ती आपण होऊन गावी परत गेली. निरोपाच्या वेळी विमानतळावर तिनं मला एवढंच सांगितलं, "पुढच्या वेळी घराचा नंबर लागेल तेव्हा तू यायचंस." मला वाटलं, म्हणायचं म्हणून म्हणतेय. त्या पाहियासनंतर पाच वर्षांनी, मार्चमध्येच, तिचा मेसेज आला: "आते, यंदा आमच्या घराचा नंबर आहे." मी रजा मागितली नाही, सांगितली.

लुकबानला मी आदल्या संध्याकाळी पोचले आणि लिगायाच्या चुलतभावाकडे उतरले. तेव्हा रस्ता नुसत्या शिड्यांनी आणि हाकांनी भरला होता. सकाळी उठून दार उघडलं आणि मला खरंच कळेना की आपण कुठे आहोत. रस्ताभर घर असं दिसतच नव्हतं. भिंतींच्या जागी भाताच्या लोंब्या, छपरांच्या जागी रंगीत पानांचे झोत, आणि सूर्य मागून आला तसा सगळा रस्ता आतून पेटल्यासारखा झाला. वारा सुटला की हजारो पानं एकमेकांवर घासून सळसळायची. तो आवाज मी ओळखला. डब्यात सालपापड्या भरताना होतो ना, तोच, पण गावभर. कुणी दुधी भोपळ्यांची माणसं केली होती, कुणी मिरच्यांची फुलं. एका घरानं तर पडवळासारख्या कसल्याशा शेंगांची मोठी माडी उभी केली होती. आणि हे सगळं एका दिवसासाठी! ज्यानं वर्षभर चिखलात उभं राहून भात लावला, त्याच्या दाराशी देव स्वतः चालत येणार म्हणून. हा संत प्रार्थनेत गुंगला की त्याचा नांगर देवदूत हाकायचे, अशी त्यांची गोष्ट आहे. देवानं भक्ताचं काम करावं हे आपल्याला काही नवीन नाही, पण त्याची अशी परतफेड मी कुठे पाहिली नव्हती. मी नुसती तोंड उघडं ठेवून चालत होते. एका म्हातारीनं केळीच्या पानावर नूडल्स दिल्या, त्या हात न लावता थेट तोंडानं खायच्या असतात. माझ्या नाकाला सॉस लागला. कुणी ओळखत नव्हतं, म्हणून खाल्ल्या. ओळखत असतं तरी खाल्ल्या असत्या.

लिगायाच्या घरासमोर आले आणि माझे पाय थांबले.

सगळं घर नटलेलं, आणि उजवीकडची खिडकी रिकामी. तीच. तिला एक लोंबीसुद्धा लावलेली नव्हती. आत काहीतरी तळल्याचा वास येत होता, तो मी झोपेतसुद्धा ओळखला असता. जिरं!

खिडकीत नानाय उभ्या होत्या. बुटक्या, पांढरे केस, फुलाफुलांचा झगा. समोर बांबूचं मोठं सूप, त्यात तळलेले किपिंग, आणि खाली रांग. सुपाला आतून कागदाचं अस्तर होतं, त्यावर माझा लाल शिक्का. पंचेचाळीस मजल्यांतला एखादा मजला असणार. मला बघून त्या हसल्या आणि भराभर काहीतरी बोलल्या. लिगाया माझ्या शेजारी उभी राहून सांगत गेली.

"नानाय म्हणते, त्या वर्षी तुझी पानं लोंबली तेव्हा ती खूप रडली. मिरवणूक दोन तासांवर आली होती. टाकून कशी द्यायची, तांदूळ आहे, म्हणून तिनं ती तळली. पण तळून करायचं काय? मग त्याच रिकाम्या खिडकीत उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला देत राहिली. पप्पा गेल्यापासून ती कुणासमोर आली नव्हती, आते. त्या दिवशी सगळ्या गावानं तिला बघितलं. खिडकी भरलेली असती तर लोकांनी घर बघितलं असतं, आणि ती मागच्या खोलीत बसून राहिली असती."

घरात कोणी उरलं नाही असं लोक म्हणतील, याची त्या बाईला भीती होती. आणि मी पाच वर्षं ज्या भोकाची लाज बाळगली, त्याच भोकातून ती बाई गावाला दिसली होती.

"आता ही खिडकी सजवायची नाही, असंच ठरलंय," लिगाया म्हणाली. "जिरं मनिलाहून आणते मी."

नानायनं मला हातानं खुणावलं, आत ये. मी मागच्या दारानं आत गेले. त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः स्टुलावर बसल्या. मग मी दिले. चांगला तासभर, येईल त्याला, हात दुखेस्तोवर. दूरवर बँड ऐकू आला, माणसं बाजूला सरली, आणि फुलांनी लादलेला तो संत खिडकीसमोरून गेला. इतका जवळून गेला की माझे हात आपोआप जोडले गेले, तेलकट होते तसेच. त्याच्यामागून चालणारा एक म्हातारा थांबला, एक किपिंग घेतला, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि नानायना काहीतरी विचारलं. त्यांनी दोनच शब्दांत उत्तर दिलं. तो मान डोलावून पुढे गेला.

"काय विचारलं त्यांनी?"

"ही बाई कोण, म्हणून," लिगाया म्हणाली.

"आणि नानाय काय म्हणाल्या?"

"म्हणाली, खिडकी हिची आहे."

दुपारी मी कराडला फोन लावला आणि आईला सगळा रस्ता दाखवला. तिनं तोपर्यंत वाळवण सोडून दिलं होतं. "कुणासाठी करू?" म्हणायची. फोन डोळ्यांपाशी धरून ती एकेक घर बघत गेली. मग म्हणाली, "एवढ्या सालपापड्यांना कावळे येत नाहीत का गं तिकडे?" मी हसले, आणि मग तिला खिडकीची सगळी गोष्ट सांगितली, माझ्या मिठाच्या घोटाळ्यासकट. "जिरं हातावर चोळून घालायचं असतं," ती म्हणाली. "अख्खं घातलंस ना? सांग त्या बाईंना." मी सांगितलं. नानायनं तळहातावर तळहात चोळून दाखवला, असं का, म्हणून. इकडून मी मान हलवली आणि फोनमध्ये आईनंही.

"चार माझ्यासाठी आण," फोन ठेवता ठेवता आई म्हणाली. "कच्च्या आण, मी तळीन. आणि बॅगेत टाकू नकोस."

तर मैत्रिणींनो, तिकडे सण कसे करता, याचं माझं उत्तर एवढंच आहे. शारजाचं घर भाड्याचं आहे आणि कराडच्या घरात मी आता पाहुणी असते, हे मला कळतं. पण हल्ली गणपतीत आम्ही दार लावत नाही. मजल्यावरून येणारा-जाणारा आत डोकावतो, आणि त्याच्या हातावर मी काहीतरी ठेवते.

लुकबानहून मी थेट कराडला गेले. विमानात डबा मांडीवर धरला होता. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि शेवटी विचारलंच, काय आहे यात एवढं?

"घरच्या सालपापड्या आहेत," मी म्हटलं.